चूलबंद आवतणाची चाचणी

नंदुरबार, भर उन्हाळा

तीर्थस्वरूप नवलमामांच्या पायांवर भाचा हेमकांतचं लांबूनच डोकं. (जवळ येऊन टेकवायची छाती होत नाही. का, ते पुढे कळेल.)

इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? दारापर्यंत चालता येतं ना? दारात एकदम खूप माणसं आली तर चक्कर वगैरे येत नाही ना? ब्लडप्रेशरची गोळी चालू असेलच. आज घेतली नसेल तर हे पत्र खाली ठेवा, गोळी घ्या आणि मग पुढे वाचा. अंगणातला निंब तसाच डेरेदार आहे ना? मामी होत्या तेव्हा त्या सावलीत काय पंगती बसायच्या! माळ्यावरची मोठी पातेली अजून आहेत, की मोडीत काढलीत? हे सगळं मी आपलं सहज विचारतोय. मामा, मी फार घाबरलोय. फोन करणार होतो, पण तुम्ही फोन उचलल्या उचलल्या “कोन मरनं?” असं विचारता, आणि या खेपेला त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं तेच मला सुचेना. म्हणून पत्र.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. (तुमच्या मते तो धंदा नाही, ते मला ठाऊक आहे.) पुण्याची नोकरी सोडून मी बस स्टँडमागे पिठाच्या गिरणीच्या वर खोली घेतली आणि पाटी लावली: ‘कोडिंग येत नाही? तरी ॲप काढा!’ ज्याच्या डोक्यात धंद्याची कल्पना आहे पण कॉम्प्युटरचं काही येत नाही, त्याच्या शेजारी बसायचं, स्क्रीनवर तयार चौकटी असतात त्या ओढून जागेवर बसवायच्या, ‘हे झालं की ते कर’ असे नियम लावायचे, आणि त्याचं ॲप त्याच्याच हाताने सुरू करून द्यायचं. खालून गिरणी हादरते, वर पीठ उडतं, माझे केस अकाली पांढरे दिसतात. पण चाललं होतं. चिंचपाड्याच्या इमॅन्युएलने दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी ‘कुठे राहायचं, कुठे भात शिजवायचा’ असं ॲप माझ्याकडे बसून काढलं. ते पहिल्याच दिवसापासून नीट चाललं. तिथेच माझा घात झाला. इमॅन्युएलने प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली होती आणि मी शेजारी बसून नुसता चहा पीत होतो, हे मी विसरलो आणि ते यश माझं समजलो.

मग आल्या मंगलाबाई. त्यांना तुम्ही नावाने ओळखता. खानदेशात मांडे खाल्लेला माणूस त्यांना ओळखत नाही असं होत नाही. उपड्या खापरावर मांडा टाकावा तर त्यांनीच. त्यांच्या हाताखाली बायकांचा मोठा ताफा आहे, लग्नसराईत यजमान त्यांच्या तारखा बघून मुहूर्त धरतात. जिना चढून आल्या, खुर्चीवरचं पीठ पदराने झटकलं (मग चिमटीत धरून बघितलं आणि ‘जाडं दळस’ म्हणाल्या), आणि सांगितलं, “भाऊ, माले लिखता येस नई, पन माले ॲप काढनं शे.” बुकिंग तर हवंच, पण त्यांना आणखी एक हवं होतं. हल्ली यजमानाच्या पोरांना घरोघर जाऊन आवतण द्यायला वेळ नसतो, मग माणसं रुसतात आणि जेवण उरतं. म्हणून बुकिंग पक्कं झालं की ॲपने आपण होऊन गावाला आवतण धाडावं. तेही लिहून नाही, मंगलाबाईंच्या आवाजात. आणि त्यात निवडायची सोय हवी: एका माणसाचं, जोड्याचं, की चूलबंद.

चूलबंद म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगावं! घरातलं लेकरूबाळ, म्हातारंकोतारं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं आणि त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. ज्याने चूल बंद करायला लावली त्याने जेवू घालायचं. मला हे लहानपणापासून माहीत आहे, मामा. पण स्क्रीनसमोर बसलं की मला जे माहीत आहे ते आठवत नाही.

ॲप तयार झालं. मंगलाबाई खाली गिरणीवाल्याला दळण कसं असावं ते शिकवायला गेल्या होत्या. मी म्हटलं, तेवढ्यात चाचणी घेऊन टाकू. चाचणी घ्यायची तर सगळ्यात जड घ्यावी, म्हणून आवतण निवडलं चूलबंद. लवकरची एक तारीख टाकली. यजमानाच्या रकान्यात नाव हवंच होतं, एक टाकलं (त्याकडे नंतर येतो). कारणाचा रकाना रिकामा सोडला. पाहुण्यांची यादी हवी, तर माझ्या फोनमध्ये आपल्या रनाळ्याच्या ग्रुपमधले नंबर होते, तेच ओढून टाकले. आणि खटका चाचणीचा आहे की खरंच आवतण धाडण्याचा, हे न बघता दाबला. खालची गिरणी नेमकी तेव्हा थांबली. त्या शांततेत माझ्या फोनवर मंगलाबाईंचा आवाज आला, कारण ग्रुपमध्ये मीही होतो ना: “राम राम! चूलबंद आवतन शे. चूल पेटाडू नका, मांडा खावाले या.” (मधे यजमानाचं नाव आणि तारीखही होती, ती इथे गाळली.)

माझे पाय थंड पडले. भर उन्हात, पत्र्याच्या खोलीत, पाय थंड. पुसून टाकायला गेलो तोवर अर्ध्या गावाने ऐकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला ऐकवलं होतं. मग उत्तरं सुरू झाली. ‘येतो.’ ‘सगळे येतो.’ ‘माहेरवाशीण आलेली आहे, तिलाही आणतो.’ फोन पिठाच्या डब्यात पुरून ठेवला, तर तो आतून वाजत राहिला. चहाला स्टँडवर गेलो, तिथे रनाळ्याचा एक जण भेटला आणि त्याने गंभीरपणे विचारलं, रस गावरान आंब्याचा आहे की केसरचा. मी गावरान म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. भीतीने माणूस बेत ठरवायला लागतो, हे मला नवीन होतं.

मंगलाबाई वर आल्या तेव्हा मी ‘कार्यक्रम रद्द’ असं लिहीत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. (मांडे टाकणारा हात आहे तो, अजून वळ आहे.) “रद्द कसानं? घरमा कोनी मरनं तवयच चूलबंद आवतन मोडस.” खरंच, रद्द म्हटलं असतं तर गावाने कोण गेलं ते विचारलं असतं आणि मग पंक्तीऐवजी मौतीला आले असते. आणि न जेवता परत पाठवलं, तर शिव्या मला पडणार नव्हत्या. मला कोण ओळखतं? आवाज मंगलाबाईंचा होता. त्यांचा मांडा आजवर खापरावर फाटला नाही आणि त्यांच्या नावचं आवतण खोटं ठरलं नाही. हे एक खोटं ठरलं की त्यांना लग्नाला कोण बोलावणार, आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी कुठे जायचं? त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पदर खोचून एवढंच म्हणाल्या, “आते जेवाडनं पडी,” म्हणजे आता जेवू घालावंच लागणार. एवढं भ्यायलो नव्हतो मी, मामा, बारावीच्या निकालालासुद्धा.

तर असं आहे. बाकी विशेष नाही. उन्हाचं बाहेर पडू नका, पाणी भरपूर प्या. घरात पाणी भरपूर आहे ना? टाकी भरून ठेवलेली बरी.

तुमचा (अजूनपर्यंत तरी),
हेमकांत

ता. क. यजमानाच्या रकान्यातलं नाव तुमचं आहे. मामा, पत्र फाडू नका, थांबा. मी तुमचंच नाव का टाकलं ते खरं सांगतो. मामी गेल्यापासून तुमच्या घरी कोणी जेवलेलं नाही. आलेल्याला तुम्ही उंबऱ्यावरूनच ‘जेवनना टाइम टळी गया’ म्हणता. मला वाटलं, चुकून बाहेर गेलंच, तर हे नाव ऐकून कोणी खरं मानणार नाही. एकाही माणसाने खोटं मानलं नाही. तारीख उद्या दुपारची आहे.

आणखी एक ता. क. कारणाचा रकाना रिकामा राहिल्याने गावाने आपापल्या मनाने भरला आहे. जास्त मतं तुम्ही पुन्हा लग्न करताय याला आहेत. भीतीपोटी मी कुणाला ‘नाही’ म्हणालेलो नाही. पलीकडच्या धुडकूआप्पांचंही उत्तर आलं आहे. बांधावरच्या आंब्यावरून भांडण झाल्यापासून तुमच्याशी बोलत नाहीत, तेच. त्यांनी उलट बोलून पाठवलंय, मी पुन्हा पुन्हा ऐकलं: “नवलनी बलायं, मंग जानंच पडी. रसनी काळजी करू नको म्हना. आपला झाडना आंबा लई येसू.” आंबे त्याच झाडाचे आणणार आहेत. मामा, ते ‘आपला’ म्हणाले.

शेवटचं. हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं त्या मंगलाबाई. त्यांना आत घ्या, चूल दाखवा. त्यांच्या मागे टेम्पो उभा आहे, त्यात बायका, गहू, डाळ, गूळ आणि खापरं आहेत. खापरांच्या मागे गोणपाटाखाली मी आहे. तुम्ही वाचताना तुमचा चेहरा फटीतून बघतोय. राग आला असेल तर इथेच राहीन, रात्रीसुद्धा. नसेल आला, तर नुसतं मोठ्याने विचारा, माळ्यावरची पातेली कोण उतरवणार म्हणून.