गव्हाचा कण

८ जुलै, मंगळवार
पोटात दुर्बीण घालून तपासणी झाली. पोटाचे डॉक्टर तरुण आहेत, आमच्या मुलीच्या, रीनाच्या वयाचे, पण उत्तर सरळ देतात. इनासला सिलिअ‍ॅक. गहू चालत नाही. गव्हातल्या ग्लुटेननं लहान आतड्याला आतून सूज येते. इतकी वर्षं कळलं कसं नाही? म्हणाले, तुमच्याकडे भात जास्त, म्हणून दबून राहिलं असेल. खरं असावं. सातिवलीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ पाव.

पण मी जुलाबांसाठी गेले नव्हते. सांगितलं, माझा नवरा बदललाय. कधी आवाज न चढवणाऱ्यानं परवा ताट भिरकावलं आणि मग त्या सांडलेल्या भाताशेजारी बसून रडला. रस्ता ओलांडायला घाबरतो. मी फोनवर हळू बोलले की त्याच्याविषयीच बोलतेय असं धरून चालतो. डॉ. म्हणाले, आतडं आणि मेंदू सारखे एकमेकांशी बोलत असतात. खाली आग लागली की धूर वर जातो. डॉक्टरांना उपमांची हौस. धूर निवळेल का, विचारलं. "बऱ्याच जणांचा निवळतो. सगळ्यांचा नाही. मनाच्या डॉक्टरांची गोळी बंद करू नका."

ऑटोत इ. एकदाच बोलला. "म्हणजे मी वेडा नाही तर."
रस्त्याला खड्डे फार.

१० जुलै, गुरुवार
रवा, मैदा, शेवया, बिस्किटं शेजारी जुलीबायला देऊन टाकली. पाववाल्याला बंद सांगितलं. हिंगातही पीठ असतं. डबीवरची अक्षरं भिंगातून वाचली. पोळपाट नवा. बोंबील यापुढे तांदळाच्या पिठात तळायचे. घरात गव्हाचा कण राहिला नाही. ही कामं मला जमतात.

न जमणारं काम दुसरं. डॉ. म्हणाले ताणानंही सूज वाढते, सूज वाढली की मन आणखी बिघडतं, असं ते चक्र. "घरात शांतता ठेवा." माझ्याकडे बघून म्हणाले. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये सुपरवायझर होते, आवाज तोच राहिलाय. शांतता ठेवायची म्हणजे मी कुठे जाऊन राहू?

१७ जुलै, गुरुवार
मागचं बावखल, वाडीतलं तळं, काठोकाठ भरलंय. इ. काठावर बसलेला, पाय पाण्यात, वरून पाऊस. हाक मारली. वळला नाही. मग ओरडले नाही, जाऊन शेजारी बसले. म्हणाला, "फिलू, मला कंटाळा आलाय. तुझा नाही. असण्याचा."
हात धरून आणला. अंग पुसलं. मनाच्या डॉ.ना लगेच फोन केला. गोळी वाढवली, एकटं सोडू नका म्हणाले. रीना पुण्याहून निघालीय. बावखलाकडच्या दाराला कुलूप.
पुढे लिहवत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
रीना आज परत गेली. इ. निदान जेवतो. वजन उतरायचं थांबलं. चर्चमध्ये मिस्साला जात नाही. ताकद नाही, शिवाय मधेच उठून बाहेर पळावं लागेल ही धास्ती. फादर म्हणाले, कम्युनियन घरी आणतो. त्यालाही नको म्हणाला. उलटी झाली तर तोंडात घेतलेल्या ख्रिस्तशरीराचं काय करायचं?

२३ ऑगस्ट, शनिवार
होड्या सुरू झाल्या. पाचूबंदरची पार्वती टोपली घेऊन आली. पूर्वी इ. तिच्याशी अर्धा तास भाव करायचा. दोघांनाही त्याचीच मजा. गेलं वर्षभर ती मुकाट्यानं मासे देऊन जाते. आज ओट्यावर बसून पाणी मागितलं आणि त्याला म्हणाली, "बाबा, तुमी भाव करीत नाय तं मला धंदा केल्यासारका वाटत नाय."
तो टोपलीत वाकला. "तुझ्या या बोंबलाला डोळा तरी आहे का?"
"डोला शिजवनार हाय का बोंबील?"
इ. हसला. मग सुरू झाले दोघे. मी आत उभी राहून ऐकलं. बाहेर गेले नाही, न जाणो थांबेल.

७ सप्टेंबर, रविवार
आज मिस्साला आला. चालत. गायकवृंदातल्या जुन्या जागेवर उभा राहिला. आवाज बारीक झालाय पण सूर तोच. उद्यापासून रोज सकाळची मिस्सा धरतो म्हणाला, पूर्वीसारखी. चांगलं झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
परत तेच. आठवडाभर जुलाब, झोप नाही. रीनाचा फोन घेतला नाही. "तुम्ही दोघी मिळून काय ठरवता ते मला माहीत आहे." काल मोगऱ्याला पाणी घालता घालता पाइप हातात धरून तसाच उभा. कुंडी वाहून चालली तरी.
स्वयंपाकघर पुन्हा उपसलं. मसाल्याचे डबे धुतले. जुलीबायच्या घरचं काही आत घ्यायचं नाही, तिला तोंडावर सांगितलं. तिला राग आला. येऊ दे.
तेल? तेल नाही. तांदूळ गिरणीत दळताना? गिरणी बदलते. आणखी काय राहिलं...

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पोटाचे डॉ. रक्ताचा रिपोर्ट बिघडलाय. "बाहेर काही खातात का?" मी म्हटलं, कुठेही नाही. जरा जोरातच म्हटलं. त्यांनी इ.लाच विचारलं, उठल्यापासून दिवस सांगा. इ. सांगू लागला. उठतो, चहा, मिस्सा, घरी येऊन पेज...
"मिस्सात काहीतरी देतात ना? कशाचं असतं ते?"
डॉक्टर जळगावचे. सहज विचारलं त्यांनी.
मग इ. म्हणाला, "ते खाणं नाही, डॉक्टर."
त्यांनी मान हलवली. म्हणाले, तुमच्यासाठी नसेल, आतड्यासाठी आहे. एवढासा तुकडा रोज पुरतो.

ख्रिस्तशरीराची ती पातळ भाकर गव्हाची असते हे मला पहिल्या कम्युनियनपासून ठाऊक. त्यालाही. हिंगाची डबी भिंगातून वाचणाऱ्या बाईला ते या हिशोबात धरायचं सुचलं नाही. सुचणार तरी कसं?
तो घरी बसून होता तेव्हा बरा झाला. बरा झाला म्हणून चर्चला जाऊ लागला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
इ.ला न सांगता फादरकडे गेले. अशी विचारणा त्यांना नवी नव्हती. अगदी गहू नसलेलं चालत नाही, नियम आहे. पण फार कमी ग्लुटेनचं मिळतं, मुंबईहून मागवतो म्हणाले. नाहीतर नुसता प्याल्यातला द्राक्षारस घ्यावा, तेही पूर्ण कम्युनियनच. प्याल्याचा प्रश्नच नाही. इ.नं दारू सोडली तेव्हा थेंबाला शिवणार नाही अशी शपथ वाहिलीय, याच चर्चच्या अल्तारासमोर. फादर म्हणाले, त्यांनाच विचारू.

संध्याकाळी इ.ला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला.
"फिलू, तिथेही तू स्वयंपाकघर घेऊन आलीस."
ओरडला असता तर बरं झालं असतं.

२६ ऑक्टोबर, रविवार
मिस्साला आला. कम्युनियनसाठी आमची रांग उठली. हा बाकावर बसून राहिला. माणसं त्याचे पाय ओलांडून पुढे गेली. मागच्या रविवारीही असंच. रोजची मिस्सा बंदच केलीय.
आमच्या गावात बसून राहणाऱ्याची पापं बाकीचे मोजतात. बाहेर पडल्यावर जुलीबायनं गाठलं. राग विसरली होती, एवढी उत्सुकता.
"इनासभावचं काय बिनसलंय गो? कन्फेशनला तरी जाऊन ये म्हणावं."
मी म्हटलं, पोट.
"पोटाचा आणि कम्युनियनचा काय संबंध?"
डॉक्टरांसमोर आम्हीही हेच म्हटलं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
झोपतो. पोट थांबलंय. काल रीनाला स्वतःहून फोन केला, तिच्या नव्या गाडीवरून तिची थट्टा केली. वाडीत जाऊन केळीचे लोंगर बघून आला. मनाचे डॉ. म्हणाले, गोळीचाही वाटा असेल, एकाच गोष्टीला श्रेय देऊ नका. ठीक. मी श्रेय वाटत बसलेली नाही. मला माणूस घरात हवा.

इ.ला म्हटलं, बघितलंस ना फरक?
"बघितला. डोकं साफ झालंय. आता साफ डोक्यानं तिथे बसून राहतो. ते जास्त जड जातं."


१३ नोव्हेंबर, गुरुवार
फादरचा निरोप: मुंबईहून डबी आली. वेगळी ठेवलीय, दुसऱ्याला हात लागणार नाही. पोटाच्या डॉ.ना फोन केला. ग्लुटेन अगदी कमी असतं, म्हणाले, बहुतेकांना चालतं. "यांना चालेलच असं लिहून देत नाही. रविवारपुरतं घेऊन बघा. रक्त तपासत राहू."
इ.ला दोन्ही निरोप जसेच्या तसे सांगितले. माझं मत जोडलं नाही. जीभ चावून धरावी लागली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जेवताना त्यानंच काढलं.
"तू सांग. घेऊ का? तू नको म्हणालीस तर बसून राहीन. रागावणार नाही."
लग्न झाल्यापासून न विचारता सांगत आले. कुठला शर्ट, कुठली बस, कुणाच्या सणाला जायचं. आज पहिल्यांदा त्यानं विचारलं आणि...
उद्या बघू म्हटलं. तो हात धुवायला उठला.

बावखलाच्या काठावर बसलेला तो माणूस मी बघितलाय. इ.नं नाही बघितला, तो त्याच्या आत होता. तो परत यावा अशी जोखीम मी एका कणासाठीही घेणार नाही. पण मग हा, साफ डोक्याचा, दर रविवारी बाकावर. हा किती दिवस टिकेल असाच?
प्रार्थना केली. काही ऐकू आलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
बाकाच्या टोकाला मी, आत तो. मी कम्युनियन घेऊन आले, गुडघे टेकले, मग बसले. रांग संपली. फादर छोटी डबी हातात घेऊन तसेच थांबले. चर्चमध्ये सगळ्यांना कळलं की कुणासाठी.
इ. माझ्याकडे बघत होता.
"नको" तोंडात तयार होतं. कालपासून तयार होतं.
मी गुडघे बाजूला घेतले.
तो माझ्यासमोरून सरकून निघाला. मधल्या वाटेनं एकटाच गेला. हळू, पण ताठ. परत येताना कुणाकडे बघितलं नाही. बाकावर येऊन डोळे मिटले, तोंड ओंजळीत झाकलं. खांदे हलत होते. रडू कशाचं ते विचारलं नाही.

घरी पेज प्यायला. दुपारी झोपला. मी दारातून बघून येते आहे. अजून काही नाही. लगेच काही कळणारही नाही, डॉक्टर म्हणाले होते दिवस लागतात.
उद्या उठल्यावर पहिलं काय बोलतो ते बघायचं.