तुझे निरंकार उपास

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आज तुझ्यावर चिडून बसले आहे, म्हणून हे लिहिते. चौथीपर्यंत माझी शाळा. पुढं तूच सोडायला लावलीस, धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर नावं ठेवू नको. लातूरला माझी मेस आहे, हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर चार वर्षांनी आम्ही औसा सोडून इथं आलो. शिकायला आलेल्या पोरापोरींचे डबे करते, दोन्ही वेळचे. वरण पातळ झालं की पोरं तोंडावर सांगतात, त्यांच्यात राहून मलाही तोंडावर बोलायची सवय लागली. तुझ्यासमोर कधी बोलले नाही. आता बोलते.

माझ्याकडं जेवणारी एक पोरगी आहे, आपल्या मुखेडकडचीच. माणसाच्या मनाचं शिक्षण घेते कॉलेजात. परवा दुपारी भांडी आवरून मी जरा भिंतीला टेकले, तर ही कागदांची चळत घेऊन दारात. "काकू, माझं संशोधन हाय. चाळिशीच्या पुढच्या बायांना प्रश्न विचारायचेत. मी वाचते, तुम्ही उत्तर तेवढं सांगा." म्हणलं विचार, पण कुकर लावायच्या आत आटप. दर प्रश्नाला तीनच उत्तरं. कधीच नाही, कधी कधी, नेहमी. "तीनातलं एक निवडा," म्हणली. मी म्हणलं, "निवडायला काय वांगी हायेत का गं?" हसली आणि वाचायला लागली. दुखणं अंगावर काढता का. डॉक्टरनं दिलेलं औषध मुद्दाम टाळता का. भूक असून जेवत नाही, असं होतं का. आपलं काही बरंवाईट झालं तरी चालेल, असं वाटतं का. मला रागच आला. "अगं, ह्याला काय संशोधन लागतंय? आमच्याकडच्या समद्या बाया हेच करून राहिल्यात. दुखणं अंगावर काढत न्हाई ती बाई कसली?"

तिनं पेन खाली ठेवला. म्हणली, "काकू, तेच तर शोधून राहिले. कुणी एकदम जीव देतं, ते लोकांना दिसतं. कुणी रोज थोडा थोडा देतं, न खाऊन, औषध टाळून. ते दिसत न्हाई, कारण त्याला दुसरंच नाव असतंय. समद्यांचं तसं नसतं. पण ज्याचं असतंय, त्याच्या मनात मरणाचं येत असंल तर? म्हणून विचारावं लागतंय. आडून न्हाई, सरळ."

"काय विचारायचं सरळ?"

"जगावं वाटतंय का, म्हणून."

माय, मी उठले आणि तांदूळ धुवायला घेतले. नाही तर त्या पोरीला माझं तोंड दिसलं असतं.

तुझ्या बाबतीत ते दुसरं नाव उपास होतं. धाकटा मोटरसायकलवरून गेला, कंधारच्या रस्त्याला, एकोणीस वर्षांचा. त्याला सांभाळायला माझी शाळा गेली होती आणि शेवटी तोही गेला. तू रडली नाहीस. लोक म्हणाले, लई धीराची बाई. वर्षभरानं तुला शुगर निघाली. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मीच आले होते तुझ्यासंगं. डॉक्टर म्हणाला, वेळेवर खायचं, गोळी चुकवायची नाही आणि उपास बंद. तू मान हलवलीस, "हाव, हाव." एस.टी.त येताना खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, बाईला पटलं. तोवर तुझा एक सोमवार होता. महिनाभरात गुरुवार आला, मग मंगळवार, मग शनिवार. तेही भगर आणि शेंगदाण्याचे नाहीत, निरंकार. दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. घरच्यांना उपासाची भगर शिजवून वाढायचीस आणि स्वतः हात धुऊन देवापुढं बसायचीस. बाबा ओट्यावर बसून सांगायचे, "आमच्या घरात देवाचं लई हाय." चुलती तुझ्या पाया पडायची. आणि मी? मी सासरी ताठ मानेनं सांगायचे, माझी माय आठवड्यातून चार निरंकार करते. जावांची तोंडं बंद व्हायची.

एकदा मी म्हणले होते, माय, गोळी तरी घेत जा. तू काय म्हणालीस आठवतं? "उपासाला गोळी चालत न्हाई. तुला देवापरीस डॉक्टर मोठा झाला का?" गल्लीतल्या चार बायांसमोर बोललीस. देवाला मधे घातलंस तू. देवाच्या पुढं कोण काय बोलणार? भाकरी फेकून दिली असतीस तर बाबांनी विचारलं असतं. विहिरीवर जाऊन बसली असतीस तर गाव धावलं असतं. तू ताट बाजूला सारायचीस आणि लोक हात जोडायचे. पायाला जखम झाली ती हळद लावून लुगड्याखाली झाकलीस. वास आला तेव्हा नांदेडला नेलं. पाय कापायचा म्हणाले, तोवर उशीर झाला होता. तेराव्याला लोक म्हणाले, पुण्यवान बाई, देवाचं करता करता गेली. मी तुझी पेटी आवरत होते. नव्या लुगड्यांच्या खाली तुझा स्टीलचा गोल डबा, कुंकवाचा असेल म्हणून उघडला, तर आत गोळ्यांची पाकिटं. एक गोळी फोडलेली नाही. उपासाच्या दिवशी चालत नाही, मग बाकीच्या तीन दिवसांच्या का घेतल्या नाहीस, माय? मी डबा बंद केला आणि पिशवीत टाकला. कुणाला सांगितलं नाही. तुझं पुण्य कमी झालं असतं ना.

तुला वाटलं का, की धाकटाच तुझं लेकरू होता? मी होते की. औशाला होते, तीन घंट्यांवर. माझी पोरगी तेव्हा सहा महिन्यांची होती, तिच्यासाठी तरी एक घास खायचा होतास. हे बावीस वर्षं मी मनात बोलते आहे आणि त्या पोरीनं एका दुपारी त्याला नाव दिलं, म्हणून जास्तच चीड आली.

पण एक दिवस मी मुद्दाम आठवत नाही, तो आज लिहिते. शनिवार होता. मी चार दिवस माहेरी आले होते, चुलीपुढं भाकरी थापत होते. तू भिंतीला टेकून बसलेली, कपाळावर घाम, हात थरथरत होते. ओट्यावर बाया बसलेल्या, तुला हळदीकुंकू लावायला आलेल्या. तू हळूच म्हणालीस, "भाकरीचा तुकडा दे गं एक." सहा वर्षांत पहिल्यांदा तू मागून राहिली होतीस. आणि मी ओट्याकडं बघितलं. म्हणले, "दिवस मावळू दे की माय. एवढा केलास, आता घंट्यासाठी कुठं मोडतीस?" तू म्हणालीस, "बरं." तव्यावरची भाकरी फुगलेली होती. तू तिच्याकडं बघत होतीस.

तो तुकडा मी दिला असता तर पुढं काय झालं असतं, ते मला माहीत नाही. तू मागितला होतास, एवढं माहीत आहे.

आता ऐक. मलाही शुगर निघाली आहे, दोन वर्षं झाली. गोळ्या तुझ्याच डब्यात आहेत. नांदेडहून माझी पोरगी फोन करते, "आई, घेतली का?" मी म्हणते, घेतली गं. मेसचं काम, सकाळी वेळ होत नाही, आणि गुरुवार-शनिवार उपास, असं मी सगळ्यांना सांगते. परवा त्या पोरीला मी सगळ्या प्रश्नांना 'कधीच नाही' सांगितलं. तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "काकू, खरं सांगा." म्हणलं, "खरंच हाय, ऊठ आता." जाताना एक कोरा फॉर्म विसरून गेली. त्याच्याच पाठीमागं हे लिहिते आहे, त्यामुळं तो तिला परत देता येणार नाही. तोंडानंच सांगावं लागेल.

आज शनिवार आहे. ऊन अजून समोरच्या गच्चीवर आहे. पहिली भाकरी तव्यावरून उतरवली, तिचा तुकडा मोडून खाल्ला, डबा उघडला, एक गोळी घेतली. पुण्य गेलं असेल तर जाऊ दे. उद्या ती मुखेडकडची पोरगी डब्याला येईल. तिचा तो शेवटचा प्रश्न होता ना, आपलं काही बरंवाईट झालं तरी चालेल असं वाटतं का, त्याचं माझं उत्तर 'कधीच नाही' नाही, माय. 'कधी कधी' आहे.