सहा सारखे कप

कामशेत,
रविवार

प्रिय प्रतीक्षा,

जय भीम. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तुझे बाबा शेजारी कान लावून बसतात आणि मला आज त्यांचंच कौतुक करायचंय. थोडं माझंही. म्हणून कुरिअरच्या खोक्यात कपाबरोबर हे पत्र घातलंय.

तो कप बघून हसू नकोस. माझा पहिला आहे. बाबांच्या पंजाचं माप घेऊन केला होता, भट्टीतून निघाला तो भातुकलीतला! माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते, हे अनघानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण जन्मभर भाकऱ्या थापलेल्या बाईला ही पोर काय माती शिकवणार, असा माझा तोरा. लोणावळ्याच्या तिच्या मातीकामाच्या स्टुडिओत सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी मीच. माती मळणं मात्र मला लगेच जमलं. आतली हवा निघाली नाही तर भांडं भट्टीत फुटतं. पण फिरत्या चाकावर गोळा मधोमध बसवताना नाकी नऊ आले. जोर लावला की तो एका बाजूला पळायचा. कोपर मांडीला टेकवून हात नुसते स्थिर ठेवायचे असतात, हे कळायला पावसाळा गेला.

हे सगळं कशासाठी, ते तुला कधी सांगितलं नाही. झटका आल्यापासून बाबांच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही. दवाखान्यातून आणलेला दोन कानांचा प्लास्टिकचा कप त्यांनी अंगणात भिरकावला, ते तू पाहिलंस. तुला ती आजारपणाची चिडचिड वाटली. अगं, तुझ्या अंबाजी आजोबांसाठी गावच्या हॉटेलात वेगळा कप असायचा, बाहेर वळचणीला खोचलेला. चहा प्यायचा, स्वतः विसळायचा, परत तिथंच ठेवायचा. बाबा लहानपणी त्यांचं बोट धरून ते बघत उभे असायचे. त्या दिवशी मला एवढंच म्हणाले, ‘माज्या घरात मला येगळा कप न्हाई चालायचा.’ मग चारचौघांत चहाच बंद केला.

कप कुणाच्या हातासाठी हे आधी ठरवा मावशी, आकार मग आपोआप सुचतो, असं अनघा म्हणते. मी कान रुंद केला. चारही बोटं आत सरकली की मूठ वळायचं कामच नाही. बूड जड ठेवलं. कान जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढून मातीचा पातळ चिखल लावावा लागतो, नाहीतर वाळताना सुटून येतो. माझे कितीतरी सुटले. या वेळी माप वाढवून घेतलं, एकदा कच्चं भाजून वर झिलई दिली. निळी. दुसरी कुठली देणार!

आणि एकच नाही, सहा केले. सगळ्यांना तोच रुंद कान, तेच जड बूड. त्यांचा कुठला, ते ओळखून दाखव. अनघा म्हणाली, मावशी, हे डिझाइन मी शिकवलेलं नाही. मी फुगले गं, खरंच फुगले.

आज सकाळी बाबांनी हाताला लागला तो कप उचलला आणि ओट्यावर, शेजारच्या निवृत्तीभाऊंच्या समोर बसून, स्वतःच्या हातानं चहा प्याले. थोडा बनियनवर सांडला. सांडू दे. कप खाली ठेवून म्हणाले, ‘पोरीला सांग, पाव्हण्यांना आता लांबवू नको म्हनावं.’ त्यांना सगळं ठाऊक होतं, प्रतीक्षा. बाबांना ओशाळं वाटेल म्हणून लग्नाची बोलणी करायला येणाऱ्या पवनच्या आईवडिलांना तू दोनदा थांबवलंस. आता घेऊन ये. ते दोघं, तुम्ही दोघं, आम्ही दोघं. सहाही कप एकाच ताटात ठेवून बाहेर आणीन.

तुझीच, हाताला अजून माती असलेली,
आई