दुपट्यातली पुडी

नागपूर, सोमवार

मायले तिच्या रितिकाचा जयभीम.

तुझ्या जावयाच्या हातून दुपटं भेटलं. पोरगी दूध पिऊन राहिली, वजनबी वाढलं. तुझे गुडघे कसे आहेत? धानाची रोवणी झाली का?

दुपट्याच्या घडीतल्या पुडीतली बाळगोळी मात्र मी पोरीले दिली नाही. राग धरू नको वं. रोवणीच्या दिवसांत अशीच अफूची गोळी चाटवून तू आम्हाले बांधावर निजवलं, मले ठाऊक आहे. पण ही पोरगी सात दिवसांपासून थरथरून राहिली, ते अफूच्याच जातीच्या दवाईनं.

फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहून राहिली. हिंगण्याच्या कंपनीत पाठ दुखे म्हणून गोळ्या खात गेली, मग त्या सुटेनातच. दिवस गेल्यावर बंद करतो म्हटलं, तर डॉक्टरीणबाई म्हणे, एकदम सोडशील तर बाळाले धोका. तिनं त्याच जातीची, पण कमी धोक्याची दुसरी गोळी लावून दिली. रोज जिभेखाली ठेवतो. पोटात असताना पोरीलेबी ती भेटत होती, जन्मल्यावर तुटली म्हणून थरथरते. माही आताही चालूच आहे, इतक्यात सुटणार नाही.

दवाखान्यातली सिस्टर म्हणते, पोरीले छातीशी धरून ठेव, पाज, त्यानं थरथर कमी होते. म्हणून धरूनच बसली आहे. कंबर जागेवर नाही.

अजून सुट्टी का नाही झाली असं काकूनं विचारलं तर पोरीले कावीळ आहे म्हणून सांग. नाहीतर राहू दे, खरंच सांग. लपवून लपवून थकली मी.

तू ये. काही आणू नको. दोन घंटे पोरीले मांडीवर घे, मले झोपायचं आहे.

तुझी लेक,
रितिका