मोतीरामचं रक्त काहून वाढेना

भातकुली, सोमवार

ती. मैनाअक्कास, धाकट्या मोतीरामचा जयभीम. पातूरला तू आणि भाऊजी खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे तुझी भावजय संध्या बरी आहे आणि मी तिच्या पहाऱ्यात आहे.

माझं हिमोग्लोबिन सातावर आल्याचं तुला ठाऊकच आहे (आपल्याकडे रक्ताचा रिपोर्ट पेशंटच्या आधी नातेवाइकांना कळतो). त्यानंतर बीट, खजूर, गूळ आणि तू धाडलेले अळिवाचे लाडू एवढं सगळं या देहात गेलं. जीभ लाल झाली, रक्त होतं तिथंच राहिलं. मग विहारात भीमगीतांच्या तालमीला हार्मोनियम वाजवताना मला चक्कर आली आणि डोकं थेट पट्ट्यांवर आपटलं. भात्यातली हवा संपेपर्यंत पेटी वाजत राहिली. मंडळींना तो नवा आलाप वाटला. एकट्या संघपालला शंका आली (त्याचा त्या पेटीवर जुना डोळा आहे), आणि त्यानंच मला उचलून अमरावतीला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जीभ पाहिलीच नाही, हात मागितले. मी ते खिशात घातले. संध्यानं ओढून काढले आणि दवाखाना ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "बोटं भज्यावानी फुगली अन् तुमी लपवून राहिले? काहून?"

"संघपालले समजलं असतं तर पेटी गेली असती ना," मी म्हणालो. संघपाल शेजारीच उभा होता. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

बाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, "हा संधिवात आहे. अंगात लोह आहे, पण ते साठ्यात अडकलंय. तुमची प्रतिकारशक्ती सांध्यांनाच शत्रू समजतेय आणि प्रथिनांच्या रूपानं सगळीकडे निरोप धाडतेय. त्यांना सायटोकाइन म्हणतात. हाडांच्या मगजात नव्या लाल पेशी तयार होतात, पण यातले काही निरोप त्या कोवळ्या पेशींना मोठं होईपर्यंत जगूच देत नाहीत."

म्हणजे अक्का, मी लाडू खात होतो आणि आत बाळं मरत होती. हे ऐकून संध्या रडली. मी पंख्याकडे पाहत बसलो.

औषधं सांध्यांची दिली. आधी सूज उतरली, मग हळूहळू रक्त चढलं. आता दहाच्या वर आहे. मधल्या काळात पेटी संघपालनं वाजवली. बरी वाजवतो. (माझ्यापेक्षा बरी, पण हे पातूरच्या बाहेर जाऊ देऊ नये.)

तुझा,
मोतीराम

ता.क. भाऊजींचा फोन आला होता. सकाळी तुझ्या मुठी वळत नाहीत, कणीक तेच मळतात आणि जिना चढताना तुला दम लागतो, असं ते म्हणाले. हा आजार भावंडांत असू शकतो म्हणे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी बाईंकडे तुझा नंबर लावला आहे. मी अमरावतीच्या स्टँडवर उभा राहीन.

ता.क. दुसरा. नंबर लावताना तुझं वय विचारलं. मी खरं सांगून टाकलं. भांडायचं असेल तर गुरुवारी येऊनच भांड.