केळ्याएवढं पोट

वेस्ट मांबलम, चेन्नई
६ जुलै २००८

ती. सौ. शैलावहिनी यांस,

उमाकांतचा साष्टांग नमस्कार (आणि यंदा तो खरोखर जमिनीवर पडून घालता येईल अशी माझी परिस्थिती आहे; ती कशी, ते पुढे येतंच). तुमची पाठ कशी आहे? बाळकृष्णदादाचं बीपी आणि आवाज दोन्ही खाली आले का? आईची तब्येत, देवपूजा आणि सगळ्यांवरची नजर ठीक असेलच. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुमचा फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये अख्खं घर.

तर बातमी अशी, की गेल्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं. घाबरू नका, पत्र मीच लिहितोय. वजन कमी करण्याचं ऑपरेशन होतं. त्यात डॉक्टर पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि उरलेल्या चिमुकल्या पोटावर माणसानं संसार रेटायचा. (हौस म्हणून नाही केलं. शुगर औषधांना दाद देईना, झोपेत श्वास अडकायचा आणि विद्युलता मला हलवून हलवून जिवंत आहे ना ते बघायची. दिवसा ऑफिसात हीच शंका आमच्या साहेबांना यायची.)

तारीख ठरली, रजा मंजूर झाली, राहिला प्रश्न मुलांना सांगायचं कसं. शर्मिष्ठा आठ वर्षांची, संकेत पाचाचा. विद्युलतेचं म्हणणं, खरं सांगायचं, थोडक्यात सांगायचं, घाबरवायचं नाही. आणि सांगायचं तुम्हीच, कारण पोट तुमचं आहे. मी एग्मोरच्या ऑफिसात 'सविनय कळविण्यात येते की' लिहिण्यात उमर घालवलेला माणूस. तरी दोघांना समोर बसवलं, खाकरलो आणि म्हणालो, की बाबाचं पोट आजारी आहे, डॉक्टर ते लहान करणार आहेत, केळ्याएवढं. विद्युलतेनं पसंतीची मान हलवली. सुटलो असं वाटतंय तोच संकेतनं विचारलं, "कुठलं केळं?"

वहिनी, तुमच्याकडे केळं म्हणजे केळं. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात बोटाएवढ्या पूवनपासून दांडगट नेंद्रनपर्यंत नाना जातीचे घड लोंबत असतात, आणि डॉक्टरांनी जात सांगितली नव्हती. मी म्हणालो पूवन. विद्युलता म्हणाली, इतकं कसं पुरेल, नेंद्रन असणार. त्यावर आमचं मुलांदेखत चांगलंच वाजलं, जणू केळं आम्हीच निवडून न्यायचं होतं. निकाल लागेना, तेव्हा संकेत खालच्या मजल्यावर विजयलक्ष्मी मामींना विचारायला गेला.

मामी तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या वेळची, हेल मात्र तमिळ (आणि अशुद्ध बोलतो ते आपण, असं त्यांचं ठाम मत). संकेत त्यांच्याशी तमिळमध्येच बोलतो. जिना उतरेपर्यंत त्याच्या डोक्यातल्या 'बाबाचं पोट लहान होणार' मधलं पोट गळालं होतं, आणि उरलं होतं 'बाबा लहान होणार'. त्यानं मामींना आनंदानं सांगितलं, की अप्पा (म्हणजे मी) आता माझ्याबरोबर यूकेजीत येणार, बाकावर जागा धरून ठेवलीय. मामी तडक वर आल्या, दारातच मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "अय्यो, अस्के सांगतात ते खरं?" अस्के म्हणजे सगळे. म्हणजे बातमी मामींच्याही आधी सगळ्या बिल्डिंगला पोचली होती. आत जाऊन बघतो तर संकेतनं आपल्या आखूड झालेल्या चड्ड्या माझ्या उशीवर रचून ठेवलेल्या. तीनचाकी सायकलही देऊ केली. अट एवढीच, की घंटा तोच वाजवणार. शिवाय यापुढे मला आंघोळ तो घालणार होता, आणि डोळ्यांत साबण गेला तरी मी रडायचं नव्हतं.

या सगळ्या तमाशात शर्मिष्ठेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ती काही विचारत नव्हती, तेव्हा आम्हाला वाटलं, मोठी आहे, समजली. मग तिचा डबा शाळेतून भरलेलाच परत येऊ लागला. घरी ताट वाढलं की भूक नाही. एका सकाळी विद्युलतेला तुळशीच्या कुंडीत पुरलेली इडली सापडली. मी तिला गच्चीवर घेऊन गेलो. पाण्याच्या टाकीकडे बघत ती म्हणाली, "मी पण त्या दिवशी चौथा डोसा मागितला होता. माझं पण पोट कापणार?"

वहिनी, इथे मला विनोद सुचेना. तिला ती जास्त खाल्ल्याची शिक्षा वाटत होती. मी सांगितलं, शिक्षा नाही गं, हा आजारावरचा इलाज आहे. माझ्याहून जास्त खाणारी माणसंही काठीसारखी राहतात (पुरावा म्हणून दादाचं नाव घेतलं, राग नसावा). तुझं पोट तुझ्याबरोबर वाढतंय, त्याला कुणी हात लावणार नाही. ती थोडी जवळ सरकली आणि मग तिनं खरा प्रश्न विचारला.

"तू उठशील ना?"

'उठणारच' असं ठोकून द्यायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हणालो, "डॉक्टरांचं हे रोजचं काम आहे. जवळजवळ सगळे उठतात. आणि मला उठायचंच आहे. उठल्याबरोबर आई तुला फोन लावून देईल."

"आणि नाही उठलास तर?"

"तर आई हलवेल."

यावर मात्र तिचा विश्वास बसला; आईचं हलवणं तिनं पाहिलेलं आहे. खाली येऊन तिनं पोटभर डोसे खाल्ले. तिला संकोच वाटू नये म्हणून मीही खाल्ले (डॉक्टरांनी तेव्हा मला नुसतं पातळ सांगितलं होतं, हे विद्युलतेला कळवू नये).

ऑपरेशन नीट झालं. मामी मुलांजवळ आमच्या घरी राहिल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर विद्युलतेनं फोन लावून माझ्या कानाला धरला. मला शब्द फुटेना, नुसती गुरगुर, पण तेवढ्यावरून शर्मिष्ठेनं "बाबाच आहे!" म्हणून घर डोक्यावर घेतलं. चार दिवसांनी घरी परतलो, तर दारात संकेत चड्डी पसरून उभा. त्यानं मान वर करत करत माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं, "मोठाच आहे!" शेवटी मामींनी समजूत घातली, की डॉक्टरांनी हळूहळू आटायला सोडलंय. तेव्हापासून तो रोज सकाळी मला दाराला टेकवून माझी उंची बघतो आणि निराश होऊन शाळेत जातो.

आता वाटीतलं सूप मी चमच्याचमच्यानं अख्खी बातमीपत्रं संपेस्तोवर पीत बसतो. शुगर उतरली, घोरणं उतरलं, पँटही उतरते (धरून चालतो). एकूण मजेत आहे. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा दीर (आता दोन्ही अर्थांनी),
उमाकांत

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. आईला यातलं काही माहीत नाही. मी ट्रेनिंगला गेलो होतो असं तिला सांगितलंय. पुढच्या महिन्यात ती मला खाऊपिऊ घालायला इकडे येते आहे. तेव्हा तिला तुम्हीच सांगावं, ही हात जोडून विनंती. खरं सांगावं, थोडक्यात सांगावं आणि घाबरवू नये. मला ते जमणार नाही. मुलांना सांगितलं तेव्हा निदान मी त्यांचा बाप होतो.

ता. क. २ : ती रडायला लागली तर दादाला पुढे करावं.

(पेन्सिलीनं, तिरक्या ओळीत) काकू, मी शर्मिष्ठा. बाबा पाकिटासाठी डिंक आणायला गेला आहे. आजीला सगळं माहीत आहे. ऑपरेशनच्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. मग ती शेजारच्यांकडून सारखी फोन करत होती, उठला का, उठला का. ती म्हणाली, मला माहीत आहे ते त्याला सांगू नको, तो घाबरेल. तुम्ही पण सांगू नका.