ओयदिनकडे शिकायला आलेली मुलगी

मार्गिलान, १२ नोव्हेंबर १९९८

हमदम, माझ्या धाकट्या भावा,

सलाम. तिकडे रशियात, सारातोव्हला थंडी सुरू झाली असेल. इकडे सगळे खुशाल. रेशमाचे सहा माग स्वतःचे झाले. तू गेलास तेव्हा मी दुसऱ्याच्या मागावर बसायचो.

एक विचारतो, खरं सांग. तू इथे कोणाला पाठवलंस का?

माझ्या लेकीकडे, ओयदिनकडे, महिनाभरापासून एक मुलगी उझबेक शिकायला येते. वेरा. रशियनच बोलते. आडनाव विचारलं की तिला खोकला येतो. मागाच्या आवाजावरून तुटलेला धागा ओळखणारा मी, मला खोटा खोकला कळणार नाही? घर हेरायला कोणीतरी धाडली असणार, असं धरून मी रोज पडवीत चहा घेऊन बसलो.

"मी खाते सफरचंद," ती म्हणायची.

"अगं, खायची घाई नको!" ओयदिन हसायची. "आधी कोण, मग काय, खाणं सगळ्यात शेवटी. ऐकणाऱ्याला थांबायला लाव."

"आणि तो थांबलाच नाही तर?"

"तर तो माझा बाप समज!"

कार्टी! मी ऐकलंच नाहीसं दाखवलं. पण त्या वेराची नजर सारखी भिंतीकडे. तिथे काय, तर निघताना तू एक घास घेतलेला नान. परतल्यावर तू तो संपवावास म्हणून आईने टांगलेला. एकोणीस वर्षांत दगड झालाय. मी काढला नाही. का, ते विचारू नकोस.

काल ओयदिन तिला म्हणाली, "आता तुझ्या मनातलं वाक्य कर." मुलीने बोटांवर शब्द जुळवले आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, तो नान माझ्या बाबांनी चावला."

चहा मांडीवर सांडला. "त्यानेच पाठवलं ना? वाट्यासाठी?"

"त्यांना ठाऊकही नाही. मला आजीला बघायचंय. ती दिसत नाही. आजारी आहे का?"

ओयदिन माझ्याकडे वळली. "बाबा, आजी गेली तेव्हा तुम्ही काकांना तार केली होती ना?"

हमदम, आई तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये गेली. शेवटचे चार दिवस तुलाच हाका मारत होती. 'तार केली, उत्तर नाही,' असं मी गावभर सांगितलं. तार केलीच नव्हती. तू येशील, घर मागशील, ही भीती.

हे कळल्यापासून पोरगी ओयदिनच्या खोलीत आहे, माझ्याशी बोलत नाही. तिला तूच धाडलंस हा संशय अजून जात नाही, मेला स्वभाव! तरी ये. शिव्या द्यायला ये.

आईला खांदा देताना तुझी जागा शेजाऱ्याला दिलेला,
तुझा थोरला,
सोबित